दक्षिण बानातचे पालकमंत्री

आमचे साडू हे ठाणे जिल्ह्यात राहून सर्बियातल्या दक्षिण बानात जिल्ह्याचा कारभार पाहणारे जगातले एकमेव गृहस्थ आहेत. नेमणूक कोणी केली, असं विचारू नये. त्यांची त्यांनीच केली, शपथही मनातल्या मनात घेतली, आणि तेव्हापासून दर रविवारी सकाळी मोहन्याहून कल्याण, कल्याणहून डोंबिवलीजवळचं कोपर अशा रिक्षा बदलत ते आमच्या घरी येतात, माझ्या सोफ्यावर माझ्याच जागी मांडी घालून बसतात आणि जिल्ह्याचा आढावा घेतात. आपल्याकडचा पालकमंत्री झेंडावंदनाला येतो आणि पुढच्या झेंडावंदनापर्यंत तोंड दाखवत नाही. आमच्या साडूंचं तसं नाही. तिकडे पान्चेव्होला पाऊस पडला तर इकडे ते छत्री घेऊन निघतात. हा जिल्हा कुठे आहे ते ज्यांना ठाऊक नाही अशा लोकांचा मला हेवा वाटतो. मीही त्यांच्यातलाच होतो आणि सुखात होतो.

आता मात्र मला झोपेतून उठवून विचारलंत तरी मी सांगेन, की सर्बियाच्या उत्तरेकडच्या सपाट मुलखात, एका अंगाला रोमानियाची हद्द आणि दुसऱ्या अंगाला दुनाव नदी, असा हा जिल्हा पसरला आहे, पान्चेव्हो हे मुख्यालय, तालुके आठ. त्यांतल्या एका तालुक्याचं नाव बेला त्स्र्क्वा. साडू हे नाव घेणार असं दिसलं की समोर बसू नये, सरकून बाजूला बसावं. आपण जिला डॅन्यूब म्हणतो तिला दुनाव म्हणायचं. "डॅन्यूब हे बाहेरच्यांनी ठेवलेलं नाव आहे, साडू," असं त्यांनी मला एकदा चारचौघांत सुनावलं. त्या नदीत बोटसुद्धा न बुडवलेला माणूस मला बाहेरचा म्हणाला आणि मी ऐकून घेतलं, कारण ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान पडतात.

या सगळ्याचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. साडू ठाण्याच्या एका सरकारी कचेरीत हद्दीच्या टेबलावर होते. कोणतं गाव कोणत्या तालुक्यात, ओढ्याच्या अलीकडचं शेत कोणाच्या दप्तरात आणि पलीकडचं कोणाच्या, हे पाहण्यात त्यांची हयात गेली. माणसांना देवाधर्माचं वेड असतं, काहींना नाटकाचं असतं; साडूंना जिल्ह्याचं आहे. ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा काढला तेव्हा घरात कोणी गेल्यासारखा चेहरा करून ते कित्येक दिवस फिरत होते. "डहाणू गेलं हो आपलं," असं भेटेल त्याला सांगायचे. डहाणूला हा माणूस उभ्या आयुष्यात एकदा गेला होता, तोही एका लग्नाला, आणि जेवण उशिरा मिळालं म्हणून वाटेत सगळ्यांशी भांडत परत आला होता. निवृत्त झाल्यावर त्यांच्या हाताला जिल्हा उरला नाही. ते इतके चिडचिडे झाले की ताई, म्हणजे त्यांची पत्नी, मुद्दाम त्यांना भाजी आणायला दूरच्या बाजारात पाठवायची.

आणि अशातच प्रज्ञाला, त्यांच्या एकुलत्या एक मुलीला, सर्बियात नोकरी लागली. पोरगी हुशार, केमिकल इंजिनिअर, आधी डोंबिवलीच्या एमआयडीसीत होती. तिकडे व्रशात्स नावाच्या गावात औषधांच्या कारखान्यात तिला घेतलं. बातमी सांगायला ती पेढे घेऊन आमच्याकडे आली होती. ताई रडत होती, आमची ही रडत होती, मीही चष्मा पुसत होतो. साडूंनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "जिल्हा कोणता?" पोरीला तो माहीत नव्हता. "ज्या जिल्ह्यात राहायला चाललीस त्याचं नाव माहीत नाही?" असं म्हणून त्यांनी जी मान हलवली, त्या क्षणी दक्षिण बानातचं नशीब फिरलं. तीन वर्षांचा करार आहे, मग ती परत येणारच, हे साडूंनी तेव्हाच सर्वांना सांगून टाकलं. तोवर जिल्ह्याकडे लक्ष द्यायला आपण आहोतच, असा एकंदर सूर होता.

साडूंची शिकवण्याची एक पद्धत आहे. नवीन काहीही समजावायचं झालं की ते आपल्या जिल्ह्यातला जोड काढून देतात. पान्चेव्हो म्हणजे आपलं ठाणे; कचेऱ्या, कोर्ट, सगळं तिथे. व्रशात्स म्हणजे कल्याण, कारण गावाच्या डोक्यावर टेकडी आणि टेकडीवर जुना बुरूज. आपला दुर्गाडी बघा, तसा. तामिश नदी पान्चेव्होजवळ दुनावला मिळते, म्हणून ती आपली काळू, उल्हासला मिळणारी. मी एकदा सहज विचारलं, "आणि साडू, डोंबिवली?" साडूंनी चहाचा कप खाली ठेवला. "डोंबिवलीसारखं तिकडे काही नाही," ते म्हणाले, आणि ते कौतुकाने म्हणाले नाहीत. आमची ही जन्मल्यापासून डोंबिवलीकर. त्या दिवशी साडूंना दुसरी चपाती वाढली गेली नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, कारण ते तेव्हा देलिब्लातोच्या वाळूत होते. युरोपच्या मधोमध वाळूचे डोंगर, वाऱ्याबरोबर हलायचे म्हणे, मग लोकांनी झाडं लावून ती वाळू धरून ठेवली. "झाडं लावून वाळू अडवली, साडू! आपल्याकडे वाळू दिसली की लोक ट्रक लावतात." हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं आहे की ते आमच्या दाराबाहेर चपला काढत असतानाच आता मला ते ऐकू येतं.

हवामानाचं तर विचारू नका. तिकडे कोशावा नावाचा एक वारा आहे. तो थंडीच्या दिवसांत आग्नेयेकडून सुटतो आणि दिवसेंदिवस थांबत नाही. साडूंच्या फोनमध्ये कल्याणचं हवामान नाही, व्रशात्सचं आहे. घामाने शर्ट अंगाला चिकटलेला असताना हा माणूस आमच्या घरात येऊन हात चोळतो आणि म्हणतो, "आज फार वारं आहे हो." आमची ही बिचारी आल्याचा चहा टाकते. एकदा त्यांनी ताईला वाळत घातलेले कपडे आत घ्यायला लावले. ताई म्हणाली, "अहो, पान हलत नाहीये बाहेर." त्यावर साडू म्हणाले, "इथलं नाही गं." कपडे मात्र इथलेच होते.

पण साडूंची खरी लाडकी गोष्ट म्हणजे त्या जिल्ह्यातली माणसं. सर्ब आहेतच, त्यांच्याशिवाय रोमानियन, हंगेरियन, स्लोवाक, मॅसेडोनियन, एका गावात बल्गेरियन, आणि एक चिमुकलं गाव तर चेक लोकांचं. पूर्वी जर्मन होते, ते युद्धानंतर गेले आणि त्यांच्या घरांत चहूकडून माणसं येऊन राहिली. साडू ही नावं अशी घेतात की लग्नात मानपानाला बोलावलेले पाहुणे मोजतायत असं वाटावं. एखादं राहिलं तर रुसवा होईल. त्यातून रोमा लोकांवर, म्हणजे ज्यांना आपण जिप्सी म्हणतो त्यांच्यावर, त्यांचा विशेष जीव. "ते मूळचे आपल्याकडचेच, साडू. पाण्याला पानी म्हणतात. नाकाला नाक!" आपण कधी तिकडे गेलोच तर पाणी मागायचं ते रोमा माणसाकडेच, हे त्यांनी ठरवून ठेवलंय. कधी जाणार, असं विचारलं की मात्र विषय बदलायचा. पासपोर्ट काढून कपाटात ठेवला होता. "ती येणारच आहे ना परत. मग कशाला एवढ्या लांब जायचं?"

कोवाचित्सा नावाच्या तालुक्यात सरकारी पाट्या चार भाषांत असतात, हे कळल्यावर तर साडूंनी मोहन्यातल्या आपल्या सोसायटीत क्रांतीच करायची ठरवली. ते तिथे अध्यक्ष आहेत. सोसायटीत मराठी आहेत, मल्याळी आहेत, गुजराती आहेत, एक तेलुगू कुटुंब आहे. सर्वांच्या भाषेत सूचना लागली पाहिजे, असा ठराव झाला. पहिलीच सूचना अशी होती की उद्या सकाळी पाणी येणार नाही. मराठी लिहून झालं. गुजराती शहाभाईंनी लिहून दिलं. मल्याळी लिहिणारे गृहस्थ दुसऱ्या पाळीला होते, आणि तेलुगू बाईंनी 'पाणी येणार नाही' हे आमच्याकडे इतकं कोरडं म्हणत नाहीत म्हणून मजकूर बदलून मागितला. चारही भाषांत सूचना लागली तेव्हा त्या दिवसाचं पाणी येऊन गेलेलं होतं आणि ते कोणी भरून ठेवलं नव्हतं. पुढच्या सभेत लोकांनी साडूंना जे ऐकवलं ते मात्र सगळ्यांनी एकाच भाषेत, हिंदीत ऐकवलं. साडू खचले नाहीत. पौर्णिमेला विहारात त्यांना 'समाजापुढील प्रश्न' यावर दोन शब्द बोला म्हणाले, तर त्यांनी माइक हातात घेऊन कोवाचित्साचे स्लोवाक शेतकरी कशी रंगीत चित्रं काढतात ते सांगितलं. मोठमोठे भोपळे, लाल फेट्यासारखे रुमाल बांधलेल्या बायका. समोर बसलेल्या आजीबाईंना वाटलं, हे धम्मपदातलंच काही असावं. त्यांनी हात जोडले.

कोपरच्या बाजारात आमची एक ठरलेली कोळीण आहे. रविवारी मी पापलेट घ्यायला जातो आणि साडू, नको म्हटलं तरी, बरोबर येतात. एकदा मी भाव करत होतो आणि साडू तिला दुनावमधला सोम नावाचा मासा समजावत होते. "माणसाएवढा असतो, बाई. नदीत." कोळणीने कोयता थांबवला. "नदीतला? म्हंजे गोड्या पान्याची मासली?" साडू हो म्हणाले. "ती आमी मांजरीला बी नाय देत, भाऊ," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "यांना कधीपासून व्हतंय असं?" मी तिला त्या दिवशी सांगेल तो भाव दिला.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. एक गोष्ट मात्र मला मनापासून खटकायची. प्रज्ञाचा फोन रविवारी दुपारी आमच्याच घरी यायचा, म्हणजे तिला सगळे एकत्र भेटायचे. फोन आधी साडूंच्या हातात. "अलिबुनारला जाऊन आलीस का?" "नाही बाबा, वेळ नाही मिळाला." "बेला त्स्र्क्वाची तळी?" "उन्हाळ्यात जाणार आहोत." "जाणार आहोत म्हणजे कोण?" असं एखाद्या बापाने विचारलं असतं. साडूंनी विचारलं, "बस कुठून सुटते?" पोरगी तिकडे परक्या मुलखात एकटी राहते, आजारी पडते, सणाला रडते, यातलं काही या माणसाच्या कानावर जात नव्हतं. शेवटी ताई फोन हिसकावून घ्यायची आणि दुसऱ्या खोलीत जायची. मी एकदा साडूंना सरळच म्हटलं, की तुम्हाला मुलगी नकोच आहे, तुम्हाला तिकडे एक तलाठी हवा आहे. ते हसले. त्यांना ते पटल्यासारखं दिसलं, याचाच मला जास्त राग आला.

मागच्या वर्षी करार संपत आला. ताईने लाडवांचे डबे घासून ठेवले. आणि एका रविवारी प्रज्ञाने फोनवर आईला सांगितलं, की कारखान्यातलाच पावेल नावाचा मुलगा आहे, दोघांचं ठरलंय. पण बाबा हो म्हणेपर्यंत आपण पुढचं पाऊल टाकणार नाही, असंही ती म्हणाली. ताई दुसऱ्या खोलीतून फोन घेऊन बाहेर आली. तिने सांगितलं. आमची ही तिथेच खाली बसली. साडूंनी विचारलं, "कोणत्या तालुक्यातला?" मी त्या वेळी त्यांच्या अंगावर धावून गेलो असतो, पण हातात जेवणाचं ताट होतं.

तालुका कोवाचित्सा होता. बाप स्लोवाक, आई रोमानियन, बापाची आई हंगेरियन. ताईने डोळे पुसत विचारलं, "म्हणजे ते नक्की कोणाचे म्हणायचे?" साडूंनी तिला समजावलं, की तिकडे हे असंच असतं, पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहिलेले लोक, एका घरात तीन भाषा. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आपल्यातले नाहीत, एवढंच ना?" साडू म्हणाले, "त्याचं काही नाही. मुलगा कसा आहे ते महत्त्वाचं." मग म्हणाले, "चौकशी करावी लागेल."

इथे मला साडूंबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाइलाजाने का होईना. आमच्या नात्यागोत्यात स्थळाची चौकशी करावी तर साडूंनीच. अंबरनाथपासून ठाण्यापर्यंत मुलगी कोणाच्याही घरची असो, मुलाची माहिती काढायला हेच जायचे. ते मुलाच्या घरी कधीच जात नाहीत. मुलाच्या गल्लीतल्या सलूनमध्ये दाढी करून घेतात, वाण्याकडे साबण घेतात, खालच्या वॉचमनला तंबाखू देतात, शेजारच्या म्हातारीकडे पाणी मागतात. संध्याकाळी परत येतात तेव्हा मुलगा कितीदा नोकरी बदलतो, आईशी कसा बोलतो आणि दुचाकीवरून पडला तेव्हा शुद्धीत होता की नाही, हे सगळं त्यांच्याजवळ असतं. माझी चौकशीही त्यांनीच केली होती. माझ्या इमारतीखालच्या सलूनवाल्याने 'माणूस कजाग आहे, पण खोटा नाही' असं सांगितलं, आणि साडूंनी त्या भरवशावर होकार दिला. लग्नानंतर मी त्या सलूनमध्ये पुन्हा गेलो नाही. पण साडूंनी चौकशी करून दिलेली एकही मुलगी रडत माहेरी आलेली नाही, हे मला कबूल करावं लागतं. साडूंना तर ते आयुष्यातलं एकमेव खरं काम वाटायचं. माणसाचं बरंवाईट त्याच्या शेजाऱ्याला विचारल्याशिवाय पोर द्यायची नाही, एवढाच त्यांचा धर्म.

तर आता त्यांच्या स्वतःच्या मुलीचं स्थळ आलं, आणि तेही त्यांच्या जिल्ह्यातलं. मी कुत्सितपणे म्हटलं, "साडू, तुमची तर चांदी झाली. जिल्हा तोंडपाठ आहे. लावा कोणालातरी कामाला." साडूंनी मान डोलावली. पुढचे काही रविवार ते आले, पण आढावा झाला नाही. कोणातरी ओळखीच्याचा भाचा बेलग्रेडला वेल्डर आहे असं कळलं होतं. मी म्हटलं, त्याला सांगा जाऊन यायला, फार लांब नाही. साडू उसळलेच. "तो जिल्ह्याबाहेरचा! दादरच्या माणसाला मोहन्याबद्दल विचारतं का कोणी? तो काय सांगणार, हवा चांगली आहे म्हणून?" आमच्या हीने फेसबुकवर मुलगा पाहा म्हटलं. "फेसबुकवर वॉचमन असतो का?" साडू म्हणाले. तिकडे प्रज्ञा वाट पाहत होती. फोन करायची, बाबांबद्दल काही विचारायची नाही, आणि न विचारताच ठेवायची. ताई म्हणाली, "अहो, हो नाहीतर नाही म्हणा. पोरगी झुरतेय." साडू म्हणाले, "चौकशी केल्याशिवाय कसं म्हणू?" नाही म्हणायची त्यांची इच्छा नव्हती, हे मला दिसत होतं. हो म्हणायला त्यांच्या पायाखाली जमीन नव्हती.

आणि मग एका रविवारी जेवणं झाल्यावर ते माझ्या जागेवर नाही, समोरच्या खुर्चीवर बसले. मी पेपर वाचत होतो. "साडू," ते म्हणाले, "आठही तालुके मनातल्या मनात फिरलो. दुनावपासून रोमानियाच्या हद्दीपर्यंत. कोणत्या गावात कोण राहतं ते सगळं मला ठाऊक आहे. स्लोवाक कुठे, हंगेरियन कुठे. पण ज्याला फोन करून विचारावं असं एक माणूस नाही हो माझ्या ओळखीचं." मी पेपर खाली केला. मला टोमणा सुचला होता, चांगला होता, पण तो बोलवेना. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मला पहिल्यांदाच त्यांची दया आली, आणि दयेपेक्षाही काहीतरी जास्त. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "नाही म्हणजे, एक आहे."

त्यांनी फोन लावला. स्पीकर लावला. तिकडे सकाळ होती. "हॅलो, बाबा?" असं प्रज्ञा म्हणाली. साडूंनी घसा साफ केला आणि चौकशीला गेल्यावर काढतात तसा परका, आदबशीर आवाज काढला. "नमस्कार. मी मोहन्याहून बोलतोय, कल्याणजवळचं मोहने. तुमच्या गावातल्या एका मुलाची माहिती हवी होती. आमच्या ओळखीतल्या एका मुलीसाठी. तुम्हाला त्रास नसेल तर."

ती हसली. मग हसू अर्ध्यावरच थांबलं. लहानपणापासून तिने घरात असे फोन ऐकले होते. "बोला ना, काका," ती म्हणाली.

"मुलगा स्वभावाने कसा आहे?"

"शांत आहे, काका. राग आला की सायकल काढून पुसत बसतो. पुसून झाली की येऊन बोलतो."

"व्यसन?"

"रविवारी जेवताना वाईन घेतो. इथे सगळेच घेतात."

"घरचे?"

"आई जरा कडक आहे. पण मला ताप आला होता तेव्हा चार दिवस घरी ठेवून घेतलं होतं. आजीला माझी भाषा येत नाही, मला तिची येत नाही. आम्ही दोघी मिळून शेंगा सोलतो."

ताप कधी आला होता, हे साडूंनी विचारलं नाही. त्यांच्या चौकशीत शेवटी एक प्रश्न असतो. बाकीची उत्तरं कशीही असोत, साडू याच उत्तरावर निर्णय घेतात. तो त्यांनी विचारला. "तुमच्या घरातली मुलगी असती, तर तुम्ही तिला तिथे दिली असती का?"

"दिली असती, काका," ती म्हणाली.

इथे चौकशी संपते. आभार मानायचे आणि फोन ठेवायचा. साडूंनी ठेवला नाही. "आणखी एक विचारू का?" त्यांचा तो परका आवाज आता नीट लागत नव्हता. "मुलगी मग परत यायची का इकडे?"

"भेटायला येत जाईल, काका," ती म्हणाली. "राहायला नाही येणार."

"बरं," साडू म्हणाले. "बरं. फार उपकार झाले तुमचे." आणि त्यांनी फोन खाली ठेवला.

स्वयंपाकघराच्या दारात ताई आणि आमची ही एकमेकींना धरून उभ्या होत्या. साडू उठले, शर्ट नीट केला, आणि दुसऱ्यांच्या घरी जाऊन निर्णय सांगताना उभे राहतात तसे ताईसमोर उभे राहिले. "चौकशी केली," ते म्हणाले. "मुलगा चांगला आहे. होकार कळवून टाक." ताई तोंडाला पदर लावून आत गेली. खोलीत आम्ही दोघे साडूच उरलो. काहीतरी बोलायचं म्हणून मी बोललो. "सांगणारं माणूस खात्रीचं आहे ना, साडू? नाहीतर नंतर पंचाईत."

साडू खिडकीपाशी गेले. खाली कोपरच्या रस्त्यावर रविवारची दुपार पसरली होती, भंगारवाला ओरडत चालला होता. "खात्रीचं आहे," ते म्हणाले. "जन्मल्यापासून ओळखतो मी तिला." मी आत जाऊन दोन कप चहा टाकायला सांगितला आणि बाहेर आलो तेव्हा ते माझ्या सोफ्यावर, माझ्याच जागी बसून डोळे पुसत होते. मी समोरच्या खुर्चीवर बसलो.